लव्हबर्डची जोडी: गोल पिंजरा बदलायचा आहे, नखं आणि पंख कापायचे का?

घोडबंदर७

नमस्कार मंडळी. घरी पीच-फेस लव्हबर्डची जोडी आली आहे. बजरी (बजरीगर पोपट) नव्हे, आफ्रिकन. अंग हिरवं, चेहरा गुलाबी-केशरी, चोचीच्या मुळाशी अजून काळसर डाग आहेत, म्हणजे वय तीन-चार महिन्यांचं असावं. सोबत आलेला पिंजरा गोल घुमटाचा, व्यास जेमतेम १४ इंच. आत प्लास्टिकच्या दोन गुळगुळीत दांड्या आणि एक मडकं. दार वर सरकवायचं आहे आणि त्यातला एक पक्षी ते चोचीने उचलायला शिकला आहे.

घर ठाण्यात, वन बीएचके. पिंजरा ठेवायला जागा दोनच: पश्चिमेची बाल्कनी, नाहीतर हॉलची ती भिंत जिच्यापलीकडे ओटा आहे (मध्ये दार नाही, उघडी कमान आहे).

नवा पिंजरा किती मोठा घ्यावा, तयार घ्यावा की जाळीचा करून घ्यावा? नखं टोकदार झाली आहेत, हाताला ओरखडे येतात. दुकानदार म्हणतो, "आणा, नखं, पंख, चोच सगळं एकदम कापून देतो." कापून घ्यावं का? आणि आंघोळ घालायची की नाही? घरात दोन मतं आहेत.

तारेचीजाळी

पिंजऱ्यापासून सुरुवात करू, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांतले निम्मे त्यातच सुटतात.

गोल पिंजरा माळ्यावर टाका. लव्हबर्ड सरळ उभा उडत नाही, आडवा उडतो. त्यामुळे लांबी महत्त्वाची, उंची नाही. जोडीसाठी लांबी ३६, खोली १८, उंची १८ ते २४ इंच असा आयताकृती पिंजरा घ्या. अगदीच जागा नसेल तर २४ × १८ × १८, पण त्याच्या खाली नाही, आणि तेवढ्यात ठेवायचं तर रोज बाहेर सोडायलाच हवं. घुमटात आणखी एक धोका असतो. तारा वर एकत्र येतात तिथे फट निमुळती होत जाते आणि त्या खाचेत बोट किंवा चोच अडकते.

दोन तारांमधलं अंतर अर्धा इंच, फार तर १५-१६ मिलीमीटर. त्याहून जास्त असेल तर हा पक्षी डोकं बाहेर काढू शकतो आणि मागे ओढताना अडकतो. निदान दोन बाजूंच्या तारा आडव्या हव्यात, कारण हे पक्षी चोचीने धरून चढतात आणि उभ्या तारांवरून घसरतात.

तयार पिंजरा आणि करून घेतलेला, दोन्ही चालतात. करून घेणार असाल तर अर्धा × एक इंचाची वेल्डमेश, १६ गेज किंवा जाड. कोंबड्यांना लावतात ती षटकोनी पातळ जाळी नको. नवी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी मात्र तशीच वापरायची नाही. जोडांवर जस्ताचे बारीक थेंब आणि पांढरी भुकटी असते. हे पक्षी दिवसभर जाळी चावत चढतात, ते जस्त पोटात जातं आणि विषबाधा होते: हिरवट पातळ विष्ठा, खाल्लेलं ओकणं, तोल जाणं. थेंब कानशीने घासून काढा, मग पांढऱ्या व्हिनेगरने तारेच्या ब्रशने सगळी जाळी घासा, भरपूर पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. स्वस्त रंगवलेला पिंजरा घेणार असाल तर नखाने कोपरा खरवडून बघा. पापुद्रा निघाला तर पक्षी तो आठवड्यात सोलून काढेल.

वर सरकणारं दार हा पीच-फेसचा आवडता खेळ. प्रत्येक दाराला, वाटीच्या छोट्या खिडक्यांनाही, एस हुक किंवा किल्लीच्या जुडग्याची स्प्रिंगवाली कडी लावा. सुतळी बांधून उपयोग नाही, तासाभरात कुरतडून मोकळी. वाट्या स्टेनलेस स्टीलच्याच.

खालचा ट्रे ओढता येणारा आणि त्याच्यावर जाळी असावी, म्हणजे विष्ठेत पडलेले दाणे उचलून खाल्ले जात नाहीत. ट्रेमध्ये वर्तमानपत्र, रोज बदलायचं. लाकडाचा भुसा नको: धूळ उडते, शिवाय विष्ठा कशी आहे ते दिसत नाही, आणि पक्षी आजारी आहे हे सगळ्यात आधी तिथेच कळतं.

आता दांड्या. प्लास्टिकच्या दोन्ही फेका. पेरूच्या फांद्या आणा, १२ ते २० मिलीमीटर जाडीच्या, मुद्दाम कमी-जास्त. पक्षी बसला की पुढची-मागची बोटं एकमेकांना टेकता कामा नयेत, दांडीचा साधारण दोन तृतीयांश ते पाऊण भाग बोटांनी वेढला जावा. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत असल्या की तळव्यावर रोज त्याच जागी भार येतो, तिथे आधी लाल गुळगुळीत डाग आणि मग गळू होतं. वाळूचा कागद गुंडाळलेल्या दांड्या दुकानात "नखं आपोआप घासतात" म्हणून विकतात. त्यांनी नखं नाही, तळवे सोलवटतात. खडबडीत साल असलेली फांदी किंवा वाटीजवळ एक सिमेंटची दांडी, एवढ्याने नखांचं टोक बोथट राहतं.

फांदी फवारणीच्या बागेतली नको. साल न काढता ब्रशने धुवायची, चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवायची. कडुनिंब, जांभूळ, बाभूळ (काटे काढून) चालतात. कण्हेर आणि रुई अजिबात नाही, दोन्ही विषारी. साल सोलून फांदी महिन्याभरात नागडी होते, मग बदलायची. सोलणं हेच तर चोचीचं काम.

बसवताना दोन गोष्टी बघा. शेपूट जाळीला घासू नये म्हणून दांडी भिंतीपासून पाच इंच आत, आणि वाट्यांच्या बरोबर वर दांडी नको, नाहीतर पाण्यात विष्ठा. दोन्ही टोकांना सारख्याच उंचीवर एकेक दांडी द्या. सगळ्यात उंच जागा एकच असली की तिच्यावरून भांडण ठरलेलं.

पाखरू_वैद्य

वरचं सगळं बरोबर. जागेबद्दल आधी सांगतो, कारण ओट्याच्या भिंतीचं वाचून काळजी वाटली.

नॉनस्टिक भांडं रिकामं तापत राहिलं आणि तापमान साधारण २६०-२८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की लेपातून जो वायू सुटतो तो माणसाला फारसा जाणवत नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतो. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. प्राणवायू जसा भराभर रक्तात जातो, तसंच विषही. उघडी कमान म्हणजे ओटा आणि हॉल एकच खोली समजा. तिथे ठेवायचंच तर घरातली नॉनस्टिक भांडी, त्या लेपाचं सँडविच टोस्टर आणि एअर फ्रायर वापरातून काढा. फोडणीचा धूर, अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, फवारे, रूम फ्रेशनर, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, हे सगळं त्याच यादीत. देवघर हॉलमध्ये असेल तर उदबत्ती लावताना पिंजरा बेडरूममध्ये न्या. डासांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड हा सोपा उपाय.

हॉलची ओट्यापासून सगळ्यात लांबची भिंत शोधा. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली, दांड्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. चारही बाजूंनी उघडा पिंजरा खोलीच्या मध्यात ठेवला की पक्षी सतत दचकत राहतो. एसीचा झोत आणि टीव्हीची शेजारची जागा टाळा. रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता मिळायला हवी.

आता कापाकापी. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, "सगळं एकदम" असं काही नसतं.

चोच: दुकानात कापून घ्यायची नाही. निरोगी लव्हबर्डची चोच लाकूड, कणीस आणि समुद्रफेस (म्हणजे कटलबोन, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, न रंगवलेला घ्या) चावून आपोआप मापात राहते. तरीही वेडीवाकडी किंवा लांब वाढली तर कारण यकृताचा आजार, जुनी इजा, कुपोषण किंवा खरजेचे किडे यांपैकी काही असतं. ते कारण शोधायचं सोडून टोक छाटलं तर आजार लपतो. शिवाय चोचीत रक्तवाहिनी आणि नसा असतात. नेलकटरने कापताना ती उभी चिरली तर पक्ष्याला खाता येत नाही.

नखं: टोकदार असणं आणि वाढलेलं असणं यात फरक आहे. सपाट टेबलावर पक्षी उभा करा. नखांमुळे बोटं वर उचलली जात असतील किंवा बाजूला वळत असतील, नख पडद्यात-दोऱ्यात अडकत असेल, किंवा पूर्ण कोयरी वळण घेत असेल तरच कापायची वेळ आली. चार महिन्यांच्या पिल्लाची नखं सुईसारखी असतातच. हाताला लागतात म्हणून फक्त टोक कानशीने घासा.

कापायची झालीच तर दोन माणसं लागतात. पातळ नॅपकिनमध्ये पक्षी पाठीकडून धरायचा, अंगठा आणि तर्जनी जबड्याच्या दोन्ही बाजूंना, बाकी तळहात पाठीशी सैल. छातीवर दाब अजिबात नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच श्वास चालतो. घट्ट धरलं तर नाक उघडं असूनही तो गुदमरतो. मागे एक छोटी टॉर्च धरा. फिक्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या दोन मिलीमीटर पुढे थांबायचं. पीच-फेसची नखं बहुधा करडी असतात, शीर दिसत नाही. तिथे एका वेळी अर्धा-एक मिलीमीटर, त्याहून जास्त नाही. मांजराच्या नखांची छोटी कात्री चांगली. माणसाचं नेलकटर नख चेपतं आणि फोडतं.

कापण्याआधी कॉर्नफ्लॉर एका बशीत काढून ठेवा. रक्त आलं तर नखाचं टोक त्यात दाबून एक-दोन मिनिटं धरायचं. ५० ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात जेमतेम ५ मिलीलीटर रक्त असतं, त्यामुळे "थोडंसंच तर येतंय" म्हणून सोडायचं नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरकडे. सगळं काम तीन-चार मिनिटांत उरकावं. तोंड उघडून धापा टाकायला लागला तर उरलेली नखं उद्या.

पंख: माझं मत, कापू नका. कारण खाली कोणीतरी विचारेलच, तेव्हा लिहितो.

मधलीफळी

विचारतोच. एवढं ठाम "कापू नका" पटलं नाही. वन बीएचकेत छताचा पंखा, उघड्या खिडक्या, दार उघडं टाकणारी माणसं. उडालेला लव्हबर्ड ठाण्याच्या हवेत दोन दिवस जगत नाही, कावळे मारतात. नीट कापलेले पंख त्याहून बरे नाहीत का? पुढच्या पीसगळीत नवी पिसं येतातच. हाताळायला शिकवण्याच्या काळात तर पंख कापलेला पक्षी लवकर हातावर येतो, हे बरेच पाळणारे मान्य करतील.

पाखरू_वैद्य

प्रश्न रास्त आहे. नीट कापलेले पंख आणि पंख्याचं पातं यात निवड असेल तर पंख कापा. पण बहुतेक घरांत तशी निवड नसते. खिडकीला डासांची जाळी असते किंवा दोन तासांत बसवता येते, आणि पंख्याचं बटण बंद करता येतं. पक्षी बाहेर असताना रेग्युलेटरवर चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे कोणी सवयीने फिरवत नाही.

कापण्यातले धोके सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा. पंखाच्या बाहेरच्या भागात दहा मोठी पिसं असतात, उडण्याचा जोर त्यांचा. दुकानात वेळ वाचवायला एकाच बाजूची कापतात, तेव्हा पक्षी गिरकी घेत छातीवर आपटतो आणि छातीचं हाड फुटतं. दोन्ही बाजूंची, सारखीच, टोकाकडून पाच ते सहा पिसं, वरच्या आच्छादक पिसांच्या रेषेखालून कापली तर तो तिरका तरंगत खाली उतरतो. तेवढाच उद्देश. दहाच्या दहा कापली तर धोंड्यासारखा पडतो. लव्हबर्ड हलका असल्याने पाच पिसं कापूनही वाऱ्याच्या झोतात तो बाल्कनीतून पार होऊ शकतो, त्यामुळे "पंख कापलेत, खिडकी उघडी चालेल" हा भ्रम उलट जास्त पक्षी घालवतो.

दुसरं, नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं. ते दांडे निळसर-काळपट आणि जाड दिसतात. असं एक जरी कापलं तरी नळ सुटल्यासारखं रक्त येतं. उजेडात पंख पसरून प्रत्येक पीस तपासल्याशिवाय कात्री लावायची नाही. तसं पीस तुटून रक्त थांबत नसेल तर त्यावर कॉर्नफ्लॉर आणि स्वच्छ कापसाचा हलका दाब ठेवून डॉक्टरकडे जा. घरी उपटू नका.

तिसरं या जोडीला थेट लागू आहे. वय चार महिने. या वयात उडायला, वळायला, हवा तिथे उतरायला शिकू दिलं नाही तर छातीचे स्नायू भरत नाहीत आणि तोल कायमचा कच्चा राहतो. कापलेलं पीस पीसगळ झाल्याशिवाय वाढत नाही, म्हणजे कधी कधी वर्षभर थांबावं लागतं. कापलेल्या दांड्यांची टोकं कुशीला टोचतात आणि काही पक्षी ती कुरतडत राहतात. पिसं उपटण्याची सवय तिथून लागते.

सोडण्याआधी एवढं बघा: पंखा बंद, खिडकीच्या काचेवर आणि आरशावर पडदा, कमोडचं झाकण बंद, पाण्याच्या बादल्या आणि पिंप झाकलेली, ओट्यावर गरम काही नाही, दरवाजाच्या वरच्या कडेवर पक्षी बसलेला नाही याची खात्री करूनच दार लावायचं. रोज तासभर पुरतो. दाणे बाहेर न देता पिंजऱ्यातच ठेवले की तो स्वतःच आत जातो.

मधलीफळी

ठीक. वयाचा मुद्दा मान्य. पण प्रौढ पक्ष्याच्या बाबतीत माझं मत तेच आहे, आणि कापायचं तर दुकानात नाही, डॉक्टरकडून.

विदर्भकर

आंघोळीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. घाला, किंबहुना त्यांना करू द्या. आपण नळाखाली धरायचं नाही. पसरट जड ताटली, त्यात दीड इंचाहून जास्त पाणी नको, पिंजऱ्याच्या तळाशी, सकाळी दहा ते दुपारी एक-दोनच्या दरम्यान. संध्याकाळ होण्याआधी अंग पूर्ण सुकायला हवं. पहिल्या दिवशी ताटलीला घाबरले तर मेथीची किंवा कोथिंबिरीची जुडी धुऊन, पाणी न झटकता जाळीला टांगा. ओल्या पानांवर अंग घासून घेतात आणि निम्मी जुडी खाऊनही टाकतात. उन्हाळ्यात रोज, पावसाळ्यात हवा कोरडी असेल त्या दिवशी, थंडीत आठवड्यातून दोनदा. पाण्यात साबण, शाम्पू, हळद, डेटॉल, कडुनिंबाचा काढा यांतलं काहीही नको. पिसांवरचं नैसर्गिक तेल गेलं की पीस पाणी धरतं आणि पक्षी गारठतो. हेअर ड्रायरही नको, अनेक ड्रायरमध्ये आत तोच नॉनस्टिकवाला लेप असतो.

नवी पिसं येतात तेव्हा डोक्यावर पांढरे काटे दिसतात. मानेपर्यंतचे तो स्वतः सोलतो, डोक्यावरचे जोडीदार सोलतो. ते आवरण वाळून सुटायला आंघोळीची मदत होते. आपण नखाने खरवडायला जाऊ नका, आत रक्त असलेला काटा दुखतो आणि पक्षी हातावरचा विश्वास सोडतो. या काळात आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं, चमचाभर, दोन तासांत उरलेलं काढून टाका.

पश्चिमेच्या बाल्कनीबद्दल: मार्च ते मे दुपारी तिथे पिंजरा नकोच. पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर तो तापला आहे, लगेच सावलीत आणा, पायांवर साधं पाणी फवारा, बर्फाचं नाही. आमच्याकडे नागपूर-अकोल्यात ४५ अंशांच्या दिवसांत खोलीला वाळ्याचा ओला पडदा लावतात. कूलर चालतो, पण त्याचा थेट झोत पिंजऱ्यावर नाही. ठाण्यात कोरड्या उन्हापेक्षा दमट हवेचा त्रास मोठा, त्यामुळे खोलीत हवा खेळती हवी. सकाळचं कोवळं ऊन मिळणारी खिडकी असेल तर तासभर तिथे ठेवा, अर्धा पिंजरा सावलीत राहील असं बघून. रात्री बाल्कनीत कधीच नाही. मांजर जाळीतून पंजा घालून पाय ओढते.

पावसाळ्यात दाणा महिन्याचा भरू नका. कांगणी, बाजरी, वरी, थोडी करडई असा मिश्र दाणा पंधरा दिवसांपुरता, हवाबंद डब्यात. कुबट वास किंवा जाळं दिसलं तर डबाच्या डबा फेका, वाळवून पुन्हा देऊ नका, बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही. सूर्यफूल बक्षीस म्हणून दोन-चार दाणेच. आणि रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा. हे पक्षी दाणा सोलून साल वाटीतच टाकतात. वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो.

घोडबंदर७

सर्वांचे आभार. ३६ × १८ × २० चा पिंजरा सांगून आलो आहे, जाळी व्हिनेगरने घासूनच बसवेन. पंख कापत नाही. ओट्यासमोरची भिंत सोडून बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीशेजारी जागा काढली.

दोन गोष्टी राहिल्या. मडकं नव्या पिंजऱ्यात घालू का? एक पक्षी वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या कापून शेपटीच्या वरच्या पिसांत खोचून फिरतो, बहुधा घरटं हवंय. आणि हे नर-मादीच आहेत हे कसं ओळखायचं?

कांगणी

मडकं घालू नका. रात्री झोपायला त्यांना घरटं लागत नाही, दांडीवर झोपतात. मडकं, नारळाची करवंटी, कापडी तंबू, कुठलीही अंधारी पोकळी दिसली की पीच-फेसचं शरीर अंड्यांच्या तयारीला लागतं. मादी पोकळीचा ताबा घेते, हाताला कडकडून चावते, जोडीदाराला आत येऊ देत नाही. चार महिन्यांचं पिल्लू त्यासाठी फार लहान आहे, वर्ष पूर्ण होण्याआधी अंड्यांवर बसवू नये. तंबूच्या कापडाचे धागे बोटाला गुंडाळून बोट काळं पडतं, ते वेगळंच.

पट्ट्या पिसांत खोचणं ही पीच-फेसची खास सवय. फिशर जातीचे पक्षी काड्या चोचीत धरून नेतात, हे पाठीमागे खोचतात. सराईतपणे, सरळ एकसारख्या पट्ट्या कापून खोचणारी बहुधा मादी असते. पण नरही प्रयत्न करतात, त्यामुळे त्यावरून पैज लावू नका. रंगावरून तर या जातीत नर-मादी ओळखताच येत नाहीत. ओटीपोटाची हाडं चाचपून सांगणारे बरेच जण भेटतील. ते वयात आलेल्या मादीत थोडंफार खरं, पिल्लांत नाही. खात्री हवी तर डीएनए चाचणी. छातीची चार-पाच ताजी पिसं मुळासकट पाकिटातून प्रयोगशाळेत पाठवायची असतात, गळून पडलेली चालत नाहीत.

हे कळून घेण्याला अर्थ आहे. दुकानात "जोडी" म्हणून दोन माद्या सर्रास येतात. लहानपणी चिकटून बसतात, आठ-दहा महिन्यांच्या झाल्या की एकमेकींच्या पायाची बोटं चावतात. बोटातून रक्त दिसलं की त्याच दिवशी वेगळ्या पिंजऱ्यात, समेट होण्याची वाट बघत बसू नका. याच कारणाने बजरी, फिंच किंवा कॉकाटील यांच्यासोबत लव्हबर्ड कधी ठेवायचा नाही. पिंजरे शेजारी ठेवले तरी मध्ये चार-सहा इंच अंतर हवं.

जाता जाता कायद्याचं. पीच-फेस साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्टांत नाही. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले फिशर आणि मास्क्ड मात्र दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव (संरक्षण) कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या परिशिष्टांतल्या जिवंत प्राणी-पक्ष्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते, नियम २०२४ मध्ये आले. पुढे कोणी फिशर देऊ केला तर नोंदणीची कागदं आधी मागा.

घोडबंदर७

मडकं काढतो. पण मडकं नसतानाही मादीने अंडी दिली तर?

पाखरू_वैद्य

देऊ शकते, नर नसला तरी. अशी अंडी उचलून फेकायची नाहीत. उचलली की ती भरपाईला आणखी देते आणि अंगातलं कॅल्शियम संपवते. दोन माद्या असतील तर अंडी रिकामीच असतात. नर असेल आणि पिल्लं नको असतील तर अंडी उकडून, थंड करून परत ठेवा, किंवा त्याच मापाची प्लास्टिकची ठेवा. कंटाळून सोडेपर्यंत, तीन-साडेतीन आठवडे, तशीच राहू द्या. दरम्यान पाठीवरून हात फिरवणं बंद (डोकं आणि मान चालते), कागदाच्या पट्ट्या बंद, रात्रीचा अंधार बारा-तेरा तासांवर न्या, अंडं आणि मऊ खाणं कमी करा, समुद्रफेस मात्र कायम हवा.

अंडं अडकणं ही खरी आणीबाणी. मादी पिसं फुगवून तळाशी बसते, शेपूट श्वासाबरोबर वर-खाली हलते, जोर लावते पण काही येत नाही, कधी एक पाय लुळा पडतो. एका लहान खोक्यात जाड कापड, शेजारी गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून, आत ३० ते ३२ अंश आणि थोडी वाफ राहील असं करा, आणि लगेच निघा. तेल घालणं, पोट दाबणं, चिमट्याने ओढणं यातलं काहीही घरी करायचं नाही. अंडं आत फुटलं तर मादी वाचणं कठीण.

पक्षी बघणारा डॉक्टर आजच शोधून नंबर पिंजऱ्यावर चिकटवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच दवाखाने पक्षी घेत नाहीत. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुम्हाला ठाण्याहून पोचण्यासारखं आहे, पण रात्री कोण असतं ते आधी फोन करून विचारा. आणि ग्रॅममध्ये दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी, दोघांचं वजन वहीत लिहा. आजारी पक्षी शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं दाखवतो, काटा ते आधी सांगतो. ५० ग्रॅमचा पक्षी ४५ वर आला की वाट न बघता दाखवायचा.